आधी सांग, मग बटण दाब

इंदूरच्या सुदामानगरातील एका आईने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांचा मुलगा ९ वर्षांचा असून चौथीत आहे आणि मुलगी साडेअकरा वर्षांची असून सहावीत आहे. दोघांनाही त्यांनी घराजवळच्या कोडिंगच्या शिकवणीला घातले. तीन महिन्यांनी त्यांना सांगण्यात आले की मुलगी छान करते, पण मुलगा मागे पडतो, त्याला ‘व्हेरिएबल’ कळत नाही, म्हणून त्याला जादा तास लावावे लागतील आणि त्यांची फी वेगळी द्यावी लागेल. शाळेत मात्र संगणकाच्या तासाला भागांची नावे आणि इंग्रजी अक्षरांची पूर्ण रूपे पाठ करून घेतली जातात. मुलगा खरोखरच मागे आहे का, या वयात मुलांना संगणकाचे नेमके काय शिकवावे आणि ही जादा फी भरावी का, असे त्या विचारतात.

इंदूरच्या शाळांतून तिसरी ते आठवीच्या मुलांना मी तेवीस वर्षे संगणक शिकवीत आले आहे आणि त्यापूर्वी बालविकास हाच माझा अभ्यासाचा विषय होता. पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण तोच आपल्या मनाला लागलेला दिसतो. आपण दिलेल्या माहितीवरून आपला मुलगा मागे आहे असे अजिबात म्हणता येत नाही. ९ वर्षांच्या आणि साडेअकरा वर्षांच्या मुलाला एकच धडा, एकाच वेगाने, एकाच खोलीत दिला गेला असेल, तर धाकट्याचे जे होते तेच त्याचे झाले आहे.

जाँ पियाजे या स्विस अभ्यासकाने मुलांच्या विचारांचे जे टप्पे मांडले, त्यांत साधारण ७ ते ११ वर्षांचा टप्पा मूर्त क्रियांचा मानला जातो. या वयातले मूल तर्क करते आणि चांगला करते. फक्त तो तर्क हाताशी, डोळ्यांसमोर किंवा अनुभवात असलेल्या गोष्टींवर चालतो. वस्तूंचे गट पाडणे, गटात उपगट पाहणे, लहानमोठ्याच्या क्रमाने लावणे, केलेली कृती मनातल्या मनात उलटी फिरवून पाहणे, हे सारे याच वयात पक्के होते. साधारण ११-१२ वर्षांनंतर मूल ‘असे असते तर काय झाले असते’ या धर्तीवर, समोर नसलेल्या गोष्टींचाही विचार करू लागते. ही वये म्हणजे काही रेल्वेचे वेळापत्रक नव्हे. एकाच वर्गात दोन वर्षांचे अंतर सहज दिसते, आणि एकच मूल गणितात पुढच्या टप्प्यावर तर दुसऱ्या विषयात मागच्या टप्प्यावर असू शकते. पियाजेने मुलांच्या क्षमता काही ठिकाणी कमी लेखल्या, असे नंतरच्या संशोधकांनी दाखवूनही दिले. तरी त्याने सांगितलेला क्रम वर्गात रोज दिसतो, आणि संगणक शिकवताना तो विसरला तर मूल पाठांतराकडे वळते.

हा क्रम कसा दिसतो ते एका उदाहरणाने सांगते. इंदूरच्या मुलाला कचरा वेगळा करणे शिकवावे लागत नाही. २०१७ पासून वर्षानुवर्षे हे शहर स्वच्छतेत पहिले येत राहिले, त्यामागे घराघरांतले वेगवेगळे डबे आहेत, आणि सकाळी गाडी आली की ते नेऊन देण्याचे काम पुष्कळदा मुलांकडेच असते. म्हणून चौथी-पाचवीच्या पहिल्या तासांत मी संगणक बंदच ठेवते. टेबलावर पंधरा-वीस वस्तू मांडते आणि मुलांना सांगते की गावाहून आलेल्या, इंदूरचे डबे कधीही न पाहिलेल्या पाहुण्यासाठी नियम लिहा. पाहुणा तुमचा नियम अक्षरशः पाळील, स्वतःची अक्कल वापरणार नाही. एका मुलीने पहिला नियम लिहिला, ‘वस्तू ओली असेल तर ओल्या डब्यात टाका’. मी पाहुणा झाले. धुतलेली, पाणी गळणारी दुधाची पिशवी उचलली आणि ओल्या डब्यात टाकली. मग कालची वाळून कडक झालेली पोळी उचलली आणि ती सुक्या डब्यात टाकली. सगळा वर्ग ओरडला, ‘मॅडम, चूक!’ ती मुलगी मात्र गप्प बसून आपल्या वहीकडे पाहत राहिली. स्वतःच्या घरी तिने वाळलेली पोळी एकदाही चुकीच्या डब्यात टाकली नसती. तिचा हात जाणत होता, तिचे वाक्य जाणत नव्हते. दोनतीन मिनिटांनी तिने ‘ओली’ हा शब्द खोडला आणि लिहिले, ‘जी वस्तू मातीत पुरली तर कुजून जाईल’.

त्या खोडलेल्या शब्दात पुष्कळ संगणकशास्त्र आहे. यंत्र शब्दाच्या मागचा हेतू ओळखत नाही, नियमाचा क्रम बदलला की निकाल बदलतो, आणि एखादी वस्तू एकाच वेळी दोन गटांत बसत असेल तर कोणता प्रश्न आधी विचारायचा हे ठरवावे लागते. सेल न काढलेला जुना रिमोट वर्गात हमखास वाद पेटवतो: तो प्लास्टिक, इलेक्ट्रॉनिक की घातक? चौथीचे मूल हा वाद वस्तू हातात घेऊन, सेल बाहेर काढून सोडवते. सहावी-सातवीचे मूल त्याच वेळी विचारते, ‘आणि उद्या एखादी नवीनच वस्तू निघाली तर?’ मग ते शेवटी एक ओळ घालते, की वरीलपैकी काहीच लागू नसेल तर बाजूला ठेवून घरच्यांना विचारा. न पाहिलेल्या वस्तूसाठी जागा राखणे ही पुढच्या टप्प्याची खूण आहे, आणि ती मला चाचणी परीक्षेपेक्षा अधिक विश्वासार्ह वाटते.

शरीराचा उपयोग हा दुसरा मुद्दा. गणितज्ञ सेमूर पेपर्ट १९५८ ते १९६३ या काळात जिनिव्हात पियाजेबरोबर काम करीत होते. पुढे १९६७ साली त्यांनी वॉली फ्युर्झीग आणि सिंथिया सॉलोमन यांच्यासह मुलांसाठी लोगो ही संगणकभाषा घडवली. त्या भाषेतले कासव आपल्या वयाच्या पालकांना आठवत असेल. ‘पुढे १०० जा, उजवीकडे ९० वळ’ असे सांगितले की ते रेघ ओढत जाते. मूल स्वतः कासव होऊन चालू शकते, यातच त्याचे सामर्थ्य होते. स्वतःचा डावा-उजवा हात मूल लवकर ओळखते, पण समोर तोंड करून उभ्या असलेल्या माणसाचा उजवा हात कोणता हे त्याला साधारण ८ वर्षांच्या आसपास नीट कळू लागते. पडद्यावरचे पात्र खाली तोंड करून उभे असेल, तर त्याचे ‘उजवे’ म्हणजे आपले डावे. तिसरीच्या मुलाचे पात्र भलतीकडे वळले तर त्याला ‘लक्ष देत नाहीस’ म्हणण्यात अर्थ नसतो. त्याला उठवावे, पात्राच्या दिशेने तोंड करून उभे करावे आणि चालायला सांगावे.

पाचवी-सहावीत मी मैदानावर खडूने समान बाजूंचा मोठा त्रिकोण काढते. त्याचा आतला कोन ६० अंशांचा, हे मुलांना ठाऊक असते, म्हणून सगळे खात्रीने ‘६० वळ’ असे लिहितात आणि पडद्यावर त्रिकोणाऐवजी सहा बाजूंच्या आकृतीचा अर्धा भाग उमटतो. मग मैदानावर एकाने बाजूवरून चालत टोकापर्यंत यायचे आणि नाकासमोर पाहत थांबायचे. पुढच्या बाजूकडे तोंड करण्यासाठी त्याला किती वळावे लागते हे बाकीच्यांनी मोजायचे. ते १२० अंश भरते. तिन्ही कोपरे वळून झाले की मूल पुन्हा पहिल्याच दिशेला तोंड करून उभे असते, म्हणजे एकूण ३६० अंश. एका मुलाने तेव्हा सांगितले, ‘मॅडम, आपण आतून मोजत होतो, पण मुडतो तर बाहेरून!’ इंदूरच्या मराठीत हिंदी अशी सहज मिसळते आणि मी तिला टोकत नाही. मूल विचार करीत असताना ज्या भाषेत बोलते ती भाषा त्याला मोकळी असू द्यावी. रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह व्हिगॉट्स्की यांनी दाखवल्याप्रमाणे मोठ्याने बोललेले शब्दच पुढे मनातला विचार बनतात. त्यामुळे शिकवणी इंग्रजीत असली तरी घरी आपल्या मुलाने आपला प्रोग्रॅम आपल्याला मराठीत समजावून द्यावा, हा माझा आग्रह आहे.

आता आपल्या मुलाच्या व्हेरिएबलकडे येऊ. व्हेरिएबल म्हणजे नाव लावलेला डबा. नाव तेच राहते, आतला ऐवज बदलतो. खेळातले गुण हे त्याचे सर्वांत सोपे रूप. चेंडू लागला की गुण १ ने वाढतो आणि आकडा पडद्यावर दिसत राहतो, तेव्हा ९ वर्षांच्या मुलाला त्यात अवघड असे काही नसते. अडचण पुढे येते. ‘वेग’ नावाचा डबा पडद्यावर दिसत नाही, ‘गुण’ वाढले की तो आपोआप बदलतो आणि त्यावरून तिसऱ्याच पात्राची चाल ठरते, अशी साखळी आली की मुलाला न दिसणाऱ्या दोन गोष्टी एकाच वेळी मनात धरून त्यांचा संबंध लावावा लागतो. मनात एका वेळी किती गोष्टी धरता येतात याची मर्यादा या वयात मोठ्यांपेक्षा बरीच लहान असते आणि ती वयाबरोबर वाढते. जादा तासांनी ती वाढवता येत नाही; तेव्हा धड्याचे तुकडे लहान करावे लागतात.

असाच एक न दिसणारा अडथळा स्क्रॅचमध्ये आहे. अमेरिकेतील एमआयटी या विद्यापीठाच्या मीडिया लॅबने २००७ साली खुली केलेली ही भाषा ८ ते १६ वर्षांच्या मुलांसाठी आहे आणि ती मला मनापासून आवडते. तिचा रंगमंच, म्हणजे पात्रे हलतात तो पडद्याचा भाग, ४८० रुंद आणि ३६० उंच असून शून्य मध्यभागी आहे, म्हणजे डावा अर्धा भाग आणि खालचा अर्धा भाग ऋण संख्यांचा. आपल्याकडे ऋण संख्या सहावीत येतात. चौथीच्या मुलाला ‘एक्स उणे १५०’ दिसते तेव्हा ते त्याच्यासाठी एक चिन्ह असते, संख्या नसते, आणि ते फळ्यावरून जसेच्या तसे उतरवून घेते. आपल्या मुलाच्या बाबतीत ज्याला ‘न कळणे’ म्हटले जात आहे त्यात हेही मिसळलेले असण्याचा संभव आहे. अशा मुलांसाठी मी जमिनीवर एक पट्टी आखते, मधोमध शून्य काढते, दोन्हीकडे फरशा मोजते आणि ‘शून्याच्या डावीकडे ३ फरशा’ एवढेच म्हणते. उणे हा शब्द सहावीत येऊ द्यावा.

माझ्या वर्गात एकच नियम सक्तीचा आहे: आधी सांग, मग बटण दाब. स्क्रॅचमध्ये प्रोग्रॅम सुरू करणारा हिरवा झेंडा दाबण्यापूर्वी मुलाने काय होईल ते तोंडी सांगायचे आणि वहीत एका ओळीत लिहायचे. अंदाज बरोबर आला तर पुढे जायचे. चुकला तर एका वेळी एकच गोष्ट बदलायची, पुन्हा सांगायचे, पुन्हा दाबायचे. हा नियम नसेल तर हुशार मुलेसुद्धा पडद्यावरचे सूचनांचे ठोकळे इकडचे तिकडे करीत राहतात, कधीतरी योगायोगाने जमते, आणि कशामुळे जमले हे त्यांना सांगता येत नाही. सुरुवातीची काही वर्षे मी असे जमलेले काम पाहून शाबासकी देत असे. नंतर त्याच मुलांना रिकाम्या पडद्यावर तेच पुन्हा करायला सांगितले आणि निम्म्याहून अधिक मुले थांबली, तेव्हा शाबासकी चुकीच्या गोष्टीला जात होती हे मला कळले. चुकीचा अंदाज लिहिलेले पान मी कधीही फाडू देत नाही. आपण काय समजत होतो आणि काय झाले, हे दोन्ही एका पानावर समोरासमोर राहिले की मूल आपली कृती उलटी फिरवून चूक शोधू लागते. त्या उलट फिरण्याची ताकद नुकतीच आलेली असते आणि तिला व्यायाम लागतो.

‘मागे आहे’ या शब्दांबद्दल स्वतंत्रपणे लिहिणे मला गरजेचे वाटते. मानसशास्त्रज्ञ एरिक एरिक्सन यांनी साधारण ६ ते १२ या वयाला उद्यमशीलता विरुद्ध न्यूनत्व असे म्हटले. मूल या वर्षांत काहीतरी करून दाखवू इच्छिते, आपले काम इतरांच्या कामाशेजारी ठेवून पाहते आणि त्यावरून स्वतःविषयी मत बनवते. तिसरीपर्यंत ‘मला येते’ असे बेधडक म्हणणारी मुले चौथी-पाचवीत शेजाऱ्याच्या पडद्याकडे पाहू लागतात. इथे सख्ख्या बहिणीशी तुलना झाली, तीही मोठ्या बहिणीशी आणि त्याच्या देखत. ‘संगणक आपल्याला येत नाही’ हे मत एकदा बसले की ते काढायला मला वर्षे लागली आहेत, आणि काही मुलांच्या बाबतीत ते निघालेच नाही. ते त्याच्या मनात बसू देऊ नका, एवढे मी कळकळीने सांगते.

टायपिंग चौथीत अवश्य शिकवावे. त्या वयात बोटे पुरेशी लांब आणि स्वतंत्रपणे हलू शकणारी झालेली असतात, आणि रोजची दहा मिनिटे पुरतात. मात्र हातच्या लिखाणाची जागा त्याला देऊ नये. देवनागरीसाठी मी इन्स्क्रिप्ट ही भारतीय लिप्यांसाठीची कळफलकाची मांडणी शिकवते, कारण त्यात स्वर डाव्या हाताकडे आणि व्यंजने उजव्या हाताकडे असतात, आणि एकच मांडणी शाळेच्या हिंदीला व घरच्या मराठीला चालते. ‘ल’ च्याच बटणावर शिफ्ट धरून ‘ळ’ मिळतो, हे कळल्यावर आमच्या मराठी घरांतली मुले आधी ‘बाळ’, ‘काळा’, ‘पोळी’ असे सगळे शब्द लिहून काढतात. इथे एक गंमत दाखवण्यासारखी आहे. ‘कि’ लिहिताना वेलांटी डोळ्यांना आधी दिसते, पण बटण ‘क’ चे आधी दाबावे लागते, कारण यंत्र उच्चाराचा क्रम साठवते आणि दाखवताना वेलांटी डावीकडे नेते. ‘क्ष’ आतून क, हलन्त आणि ष असा तिघांचा बनलेला असतो. यंत्रात साठवलेली गोष्ट वेगळी आणि पडद्यावर दिसणारी वेगळी, हे मोठे तत्त्व चौथीच्या मुलाला आपल्याच अक्षरांतून कळते.

आपली मुलगी वेगळ्या उंबरठ्यावर आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवी या टप्प्यात कोडिंगशी संबंधित उपक्रम सुरू करावेत असे म्हटले आहे, आणि वयाचा विचार करता ते मला योग्य वाटते. तिला आता तयार धडे पुरणार नाहीत. तिने स्वतः प्रश्न निवडावा: घरातल्या पाण्याच्या टाकीचा हिशेब, आजीच्या औषधांची आठवण, रंगपंचमीच्या गेरचा, म्हणजे इंदूरच्या रंगांच्या मिरवणुकीचा, खेळ. आधी कागदावर आराखडा करावा आणि ‘हे बिघडले तर काय’ याची यादी लिहावी. उत्तरे देणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेची ओळखही तिला आपल्या शेजारी बसूनच होऊ द्यावी. तिला आपल्या गल्लीविषयी, आपल्या शाळेविषयी, स्वतःला पक्के ठाऊक असलेल्या गोष्टींविषयी प्रश्न विचारायला लावा. ठाम शब्दांत आलेले चुकीचे उत्तर तिने स्वतः पकडले की मग इतिहासाच्या गृहपाठात ती ते डोळे मिटून उतरवणार नाही. ९ वर्षांचा मुलगा त्याच यंत्राला ‘तुला राग येतो का’ असे विचारतो. त्याला यंत्रात मन दिसते, म्हणून त्याला एकट्याला त्याच्यापाशी सोडू नये.

याच वयात मैत्रिणींचे गट फोनवर जमतात आणि गटाबाहेर राहणे मुलींना असह्य होते. समाजमाध्यमांची १३ वर्षांची अट अमेरिकेच्या १९९८ च्या एका कायद्यातून आली. ती मुलाच्या परिपक्वतेची मोजणी नाही. भारतात २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालच्या प्रत्येकाला बालक मानले असून त्याची माहिती वापरण्यासाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती आवश्यक ठरवली आहे. तेव्हा शिकवणीतल्या खात्यात तिचे खरे नाव, शाळा आणि छायाचित्र कोण भरते आहे ते पाहा. फोन रात्री स्वयंपाकघरात ठेवावा; ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास झोप लागते, आणि ती मोडली तर दुसऱ्या दिवशी कोणताही धडा डोक्यात शिरत नाही. पडद्याच्या तासांबद्दल एवढेच पुरे.

जादा फी सध्या भरू नये, असे माझे मत आहे. त्याआधी शिकवणीत एक तास मागे बसून पाहण्याची परवानगी मागा. मुले बटण दाबण्यापूर्वी बोलतात का, चूक झाल्यावर शिक्षक स्वतः माउस हातात घेतात की प्रश्न विचारतात, आणि महिनाअखेरीस पालकांना दाखवलेला खेळ मूल दुसऱ्या दिवशी रिकाम्या पडद्यावर पुन्हा बनवू शकते का, या तीन गोष्टी पाहा. मुलाचा माउस शिक्षकांच्या हातात जात असेल, तर त्याला तिथून काढून घ्या आणि मुलीबाबत तिलाच विचारा. या रविवारी घरी डबे भरताना मुलाला पाहुण्यासाठी नियम लिहायला सांगा. आपण पाहुण्या व्हा आणि त्याचे वाक्य अक्षरशः पाळा. वाळलेली पोळी सुक्या डब्यात गेल्यावर तो हसेल, कदाचित चिडेलही. तेव्हा उत्तर सांगू नका, पेन्सिल त्याच्याकडेच राहू द्या आणि तो कोणता शब्द खोडतो ते मला अवश्य कळवा.